पुलाच्या अलीकडून

दादा, तू शब्द पाळलास. आयुष्यात इतक्या वेळा शेंड्या लावल्यास मला, आणि पाळायचा तर नेमका हाच शब्द पाळलास. आता तुझ्यावर ओरडायलासुद्धा मला जागा राहिली नाही.

काल तुझं तेरावं झालं. इथली, कॅनडातल्या या हॅमिल्टनमधली, झाडून सगळी मराठी मंडळी आली होती. युनिव्हर्सिटीतले तुझे सर पण आले, दाराशी बूट काढून, मांडी घालता येईना तरी घालून, खाली बसून जेवले. जो तो मला विचारत होता, "तू तेव्हा जपानला होतीस ना गं? अरेरे, भेट झाली नाही." मी मान हलवत होते. काय सांगणार त्यांना? सांगायचं म्हणजे अगदी मुळापासून सांगावं लागतं, आणि या सगळ्याच्या मुळाशी मठ्ठा आहे.

हो, मठ्ठा. हसू नकोस. नागपूरला शोभाताईच्या लग्नात तू वाढलेला मठ्ठा. तुला हे सगळं पाठ आहे, पण मी परत सांगणार, आज तू मध्ये बोलू शकत नाहीस. अण्णा म्हणजे आपले आजोबा दवाखान्यात होते, आणि लग्नाच्या दिवशी सकाळीच गेले. कळलं फक्त बाबांना. बाबांनी तुला सांगितलं, कारण दवाखान्यात कुणीतरी थांबायला हवं होतं आणि तू चौदा वर्षांचा घोडा झाला होतास. दुपारी तुला मांडवात परत बोलावलं, कुणाला संशय नको म्हणून. मुहूर्त धरलेला असला की मरणाची बातमी दाबून ठेवायची, हे आपल्या घरात काही नवीन नव्हतं. सुतक कानावर पडल्यावर लागतं. कानावर पडलंच नाही तर काही झालेलंच नाही, लग्न लागू शकतं, पंगती उठू शकतात.

त्या पंगतीत मी नऊ वर्षांची, अण्णांची लाडकी, दोन दात पडलेली. तू जग घेऊन आलास. मी म्हटलं, "दादा, अण्णा कधी येणार? मी त्यांच्यासाठी दोन जिलब्या बाजूला काढल्यात." तू माझ्या द्रोणात मठ्ठा ओतलास आणि म्हणालास, "येतील ना. तू खा."

शोभाताईच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. मी तोंडभर हसतेय, मागे तू जग धरून उभा, आणि तुझा चेहरा असा कोरा की जणू कुणी पुसून काढलाय. तो फोटो मी मोठी झाल्यावर पाहिला आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. तू म्हणायचास, "शोभाताईचं लग्न लागलं की नाही? तुझं पोट भरलं की नाही? मग एक दिवस उशिरा रडलीस तर काय बिघडलं?" मी म्हणायचे, माझं रडणं चोरलंत तुम्ही. अण्णा तिकडे बर्फावर होते आणि मी हसत होते, ते हसणं आता कुठे नेऊन टाकू? दिवाळीला फोन केला की भांडण, मी ब्रॉसार्डच्या माझ्या घरून तुझ्याकडे आले की भांडण. वहिनी तर आपण सुरू झालो की सरळ उठून बेसमेंटमध्ये कपडे धुवायला जायची.

पुढे तू स्टील प्लँटमधली चांगली इंजिनिअरची नोकरी सोडलीस आणि चाळिशी उलटल्यावर इतिहासाची पीएचडी धरलीस. आई तेव्हा होती. तिचा नागपूरहून फोन आला, "जपानी देवळांची यात्रा? अरे, आपल्याकडची देवळं संपली का रे?" मला मात्र नंतर कळलं, तू तिथे काय शोधत होतास. तू मठ्ठ्याच्या बाजूने साक्षीदार शोधत होतास.

एका रविवारी तुझा फोन आला, आवाजात नुसता उत्साह. "मुक्ते, तिकडेही तेच करून राहिले होते लोक!" मग तू ती गोष्ट सांगितलीस. एका गावातून एक माणूस सगळ्या गावाच्या वतीने इसेच्या मोठ्या देवळाला निघाला. तो वाटेत असताना त्याच्या घरी मुलगा गेला. कुणी निरोप धाडला नाही, कारण घरात मरण झालं हे कळलं की तो अशुद्ध झाला, देवळाच्या कमानीतून त्याला आत जाता येणार नाही, आणि मग गावभराचं मागणं वाटेतच पडणार. तो दर्शन घेऊन परतला. रिवाजाप्रमाणे गावकरी शिवेवर जेवण आणि दारू घेऊन त्याला सामोरे गेले, त्याच्याबरोबर बसून प्याले, हसले, आणि मग हाताला धरून त्याला घरी घेऊन गेले. ही गोष्ट तू खरंच वाचलीस की मला गप्प करायला रचलीस, देव जाणे. मी विचारलं, "शिवेवर हसताना त्याच्या बायकोचं तोंड कसं दिसत होतं, ते लिहिलंय का कुठे?" तू फोन ठेवलास.

तुझा विषय मला पाठ होण्याचं कारण असं की तुला त्याशिवाय दुसरं बोलताच येत नव्हतं. पोळी हातात तशीच वाळायची. लढवय्ये कसे युद्धाला निघण्याआधी देवळात जायचे, घोडा नाहीतर तलवार वाहायचे, जिंकलो तर छप्पर नवं घालतो म्हणून देवाशी करार करायचे. आणि साधी माणसं? शेतकरी, नोकर, दुकानातल्या पोरी. त्यांना मालकाच्या आणि सरकारच्या परवानगीशिवाय गाव सोडायची सोय नव्हती. देवाचं नाव घेतलं तरच रस्ता मोकळा. मग गल्लीतले लोक मंडळ करायचे, चिठ्ठी टाकायचे, आणि ज्याचं नाव निघेल तो सगळ्यांच्या बदली जायचा. ज्यांचं नाव कधीच निघत नव्हतं ते एक दिवस कामावरूनच पसार व्हायचे, कमरेला पाण्याची पळी खोचून. पळी दिसली की हा इसेला निघालाय हे लोक ओळखायचे आणि खाऊ घालायचे. स्वतः जायचं बळ नसलं तर कुणी कुणी आपलं कुत्रं पाठवायचे, गळ्यात थैली बांधून. अनोळखी माणसं त्या कुत्र्याला एका गावाहून पुढच्या गावाला पोचवायची. तुझी आर्या लहानपणी ही कुत्र्याची गोष्ट रोज ऐकायची आणि रोज विचारायची, "बट डिड ही कम बॅक?"

"यात्रा म्हणजे चालणं नव्हे," तू म्हणायचास. "यात्रा म्हणजे कुणाच्या तरी बदली जाणं." मी म्हणायचे, तुला काय माहीत, तू तर एकदाही गेला नाहीस. ते तुला लागायचं. आधी आर्या तान्ही होती, मग स्कॉलरशिप अडली, आणि जायची वेळ आली तेव्हा तुझ्या हृदयानं असहकार पुकारला.

गावामागच्या टेकडीच्या, म्हणजे इथल्या 'माउंटन'च्या, पायऱ्या चढताना तू मध्येच खाली बसलास, तिथून सगळं फिरलं. डॉक्टरांनी सांगितलं की पंपिंग फार कमी झालंय. लांबचं विमान नाही, फावड्याने बर्फ उपसायचा नाही, मिठाचा डबा कपाटात वर. मी पहिल्या गाडीने आले. तू हॉस्पिटलच्या पलंगावर, नाकात नळी, आणि खिडकीबाहेरच्या झाडावर हॅमिल्टनचे सगळे कावळे जमलेले. थंडीत जमतात तिथे ते, मला माहीत आहे. तरी मी पडदा ओढून घेतला.

मी तेव्हाच तुला धरलं. म्हटलं, "दादा, हे बघ. मठ्ठा वाढायचा नाही. मी कुठेही असले, काहीही करत असले, तुला काही झालं तर मला लगेच कळलं पाहिजे. मुहूर्त नाही, सोय नाही, 'तिला आत्ता नको सांगायला' नाही. शब्द दे."

तू नळीतून हसलास. समुराय शपथ कशी घ्यायचे ते सांगायला लागलास, तिथेसुद्धा! कुमानोच्या देवळातून एक कागद मिळायचा, कावळ्यांच्या चित्रांनी अक्षरं काढलेला. त्याच्या पाठीवर शपथ लिहायची. मोडली तर कुमानोत एक कावळा मरतो, आणि मोडणारा रक्त ओकून जातो. "आपल्याकडे कागद नाही," तू म्हणालास, "डोकं आहे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तुझा हात गार होता. मला वाटलं, आपण जिंकलो. किती वर्षांचं भांडण होतं आणि मी ते एका दुपारी जिंकून टाकलं.

त्या दिवसापासून माझा फोन माझा वैरी झाला. तू असं करून ठेवलंस की फोन गप्प आहे तोवर तू आहेस, आणि वाजला की... ग्रोसरीच्या रांगेत वाजला तरी मी सामान तिथेच टाकून बाहेर यायचे. एकदा कुणीतरी फ्रेंचमध्ये छताची नळी साफ करून देतो म्हणून विचारत होता, तर मी त्या बिचाऱ्याला "मेर्सी, मेर्सी" असे आभार मानत रडले.

मग या शरदात माझ्या ऑफिसने मला नागोयाला पाठवायचं ठरवलं. क्लायंटचं काम, सिस्टिम बदलायची होती. मी नाही म्हणणार होते. तुला सांगितलं तर तू पलंगावर उठून बसलास. "नागोयाहून इसे जवळ आहे, मुक्ते! ट्रेनने जाऊन येशील!" किती दिवसांनी तुझ्या गालावर रंग आला होता. "माझ्या बदली जा."

मी म्हटलं, "आणि इकडे तुला काही झालं तर?"

"तर तुला कळेल. शब्द दिलाय ना."

"मी पोचायच्या आधी कळलं तर?"

तू चादरीची घडी सारखी केलीस. मला वाटलं विचार करतोयस. आता कळतंय, तू हिशेब आधीच करून ठेवला होतास. "तर आत जायचं नाही," तू म्हणालास. "सोपं आहे."

निघायच्या दिवशी मी हॅमिल्टनला आले होते. गल्लीतल्या घरांवर कॅनडाच्या दीडशे वर्षांचे झेंडे अजून लटकत होते, पावसाने पांढरे पडलेले. तू मला बदली यात्रेकरूचे नियम सांगत बसलास. स्वतःसाठी काही मागायचं नाही. वाटेत कुणी खायला दिलं तर नाही म्हणायचं नाही. आणि आईच्या देवघरातली तांब्याची पळी माझ्या बॅगेला दोऱ्याने बांधलीस, म्हणालास, पोचलेली माणसं पळी तिथेच सोडून यायची. एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्या बाईने ती काढून विचारलं, "व्हॉट्स धिस?" मी म्हटलं, "स्पून." ती म्हणाली, "फॉर सूप?" मी हो म्हटलं. काय सांगणार तिला!

त्याआधी, मी घरातून निघताना, वहिनी केरसुणी घेऊन आली तर तू ओरडलास, "अगं, आत्ताच बाहेर पडतेय ती, केर काय काढतेस!" वहिनी म्हणाली, "हे तुझ्या जपान्यांचं की तुझ्या आईचं?" तू म्हणालास, "दोघांचं." मी चपला घालून म्हटलं, "जाते रे." तू आणि वहिनी एकदमच ओरडलात, "येते म्हण!" मी म्हटलं, "येते." तू तेव्हा दारातल्या खुर्चीत बसला होतास, मांडीवर आर्याची लाल शाल.

आणि ती वाटी. प्रवासाला गेलेल्या माणसाचं पान घरात रोज मांडायचं, म्हणजे तो वाटेत उपाशी राहत नाही, हा तिकडचा रिवाज. तू रोज माझी वाटी मांडून घ्यायचास, गरम वरण, वर झाकण, तुझ्या समोरच्या खुर्चीपाशी. जेवण झालं की झाकण उचलून बघायचं. आतून वाफेचं पाणी जमलेलं असलं तर प्रवासी सुखरूप. कोरडं असलं तर नाही. आर्या रोज मला झाकणाचा फोटो पाठवायची, "यू आर वेट, आत्या," आणि खाली हसरा चेहरा.

नागोयात पहिला आठवडा बरा गेला. मग एका व्हिडिओ कॉलवर तू फार बोललास नाहीस. तुझा चेहरा करडा दिसत होता. मला वाटलं, उजेड कमी असेल. शेवटी म्हणालास, "आज झाकण कोरडं निघालं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जपून राहा. रस्ता नीट बघून ओलांड."

मागून वहिनीचा आवाज आला, "अरे, मी कालचं वरण गार ठेवलं होतं, कोरडं नाही निघणार तर काय! तुझं औषध आणायला गेले होते ना." तू हसला नाहीस. आणि दादा, मी इतकी मूर्ख, की तीन दिवस सिग्नल हिरवा झाला तरी दोनदा बघत होते. हॉटेलच्या बाथरूममध्ये भिंतीला धरून चालत होते. मला वाटत होतं की ते झाकण माझ्याबद्दल बोलतंय. प्रवासाला निघाला होतास तू, आणि जपत मी बसले होते.

रविवारी सकाळी लवकरची ट्रेन घेतली. शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या हातात एक संत्रं ठेवलं, नियमाप्रमाणे मी नाही म्हटलं नाही. उतरून बस घेतली. ढग खाली आलेले, पण पाऊस नाही. झाडं अशी दाट आणि उंच की त्यांच्यात शिरणारी माणसं एकदम बारीक होऊन दिसेनाशी होत होती. तू वर्णन केला होतास तस्साच तो लाकडी पूल, दोन्ही टोकांना कमान, खाली नदी, पलीकडे देवाचं रान. लोक कमानीपाशी थांबून वाकत होते आणि पूल चढत होते. बॅगेची पळी सोडून मी हातात घेतली. तुला फोटो पाठवावा म्हणून फोन काढला.

तो हातातच वाजला.

वहिनीचं नाव बघितलं आणि मला कळलं. उचलायच्या आधीच कळलं. तरी सुतक अजून लागलं नव्हतं, बरं का, कानावर पडलं नव्हतं. वाजू द्यायचा होता. पन्नास पावलं चालायची होती. तू मला किती सोपी वाट ठेवली होतीस! पण मी कशी नाही उचलणार? मीच तर मागून घेतलं होतं ते.

"मुक्ता," वहिनी म्हणाली, "तो गेला गं. आत्ता. पाच मिनिटं झाली. अँब्युलन्सचे लोक अजून खोलीतच आहेत. त्यानं सांगितलं होतं, सगळ्यात आधी तुला." मग तिचा आवाज बदलला. "तू कुठेयस?"

"पुलापाशी."

"आत जाऊन आलीस ना?"

"नाही. अजून अलीकडेच आहे."

"अगं आई गं," वहिनी म्हणाली. "अगं आई गं, मुक्ता. मी थांबले असते. तासभर थांबले असते. त्यानं आर्याच्या डोक्यावर माझा हात ठेवून घेतला होता, मी काय करू?"

आणि ती रडली, आणि मी रडले, आणि लोक आम्हाला, म्हणजे मला, वळसा घालून पूल चढत राहिले.

आता ऐक. मी कसली सुतक पाळणारी! मी आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी ऑफिसला गेले होते. तिथे मला कोण ओळखत होतं? माझ्या कपाळावर लिहिलं होतं का काही? एका बाईने तर मला रडताना पाहून, फार हळुवारपणे, हातानेच पुलाकडे दाखवलं, जा, आत जा, बरं वाटेल. मी एक पाय उचललासुद्धा. तुझी आयुष्यभराची इच्छा पन्नास पावलांवर होती, आणि ती पुरी करायला तुझ्यामागे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पण मग मला दिसलं तू काय केलंस ते. तुला माहीत होतं मी रविवारी जाणार. वहिनीने एक तास दम धरला तर तुझी यात्रा होते, हे तुझ्याशिवाय कुणाला जास्त माहीत होतं? आयुष्यभर तू माझ्याशी भांडलास की बातमी दाबण्यात माया असते. पुरावे गोळा केलेस, पीएचडी केलीस. आणि शेवटी तुला स्वतःच्या बाबतीत ते करायची संधी आली, कायदेशीर, सातासमुद्रापारच्या परंपरेसकट, तर तू वहिनीचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवलास. यात्रा सोडलीस आणि मला दिलेला शब्द धरलास. मी आत गेले असते, तर तो फोन आलाच नाही असं झालं असतं. मग तू कशासाठी सोडलीस?

म्हणून मी गेले नाही. तूच सांगितलं होतंस ना, बौद्ध भिक्षूंचा मरणाशी संबंध, म्हणून त्यांना पूर्वी आत सोडत नसत, नदीच्या अलीकडून लांबूनच नमस्कार करून ते परत फिरायचे. मी कठड्याच्या बाजूला झाले, पळी छातीशी धरली आणि अलीकडूनच वाकले. मागितलं काही नाही. नियम होता. पण खोटं कशाला बोलू, तोंडातून "दादा" एवढं निघालं. मग परतीची बस धरली. पलीकडच्या झाडांत एक कावळा ओरडत होता आणि बस सुटेपर्यंत तो थांबला नाही.

टोरंटोला उतरले तर दारापाशी वहिनी आणि आर्या उभ्या. वहिनीच्या अंगात तिचा निळा स्वेटर, उलटा घातलेला. तिच्या हातात थर्मास आणि स्टीलचा डबा. "त्यानं सांगितलं होतं," ती म्हणाली, "यात्रेहून येणाऱ्याला शिवेवर सामोरं जायचं, खायला घेऊन." पार्किंगमध्ये गाडीत बसून आम्ही तिघींनी वरणभात खाल्ला. विंटर टायर अजून लावले नव्हते, तू लावून घेणार होतास, वहिनी तेच परत परत बोलत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी आत गेले नाही. ही शिवेवरची भेट मला लागू होत नाही." ती म्हणाली, "गप जेव."

मग जेवता जेवता सहज विचारलं, "माझी वाटी त्या दिवसापासून बंद केली असेल."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "बंद कशी करू? तू रस्त्यावरच होतीस ना अजून."

दादा, तुला घेऊन गेले, घरात माणसं भरली, चूल पेटवायची नाही म्हणून शेजारच्यांनी जेवण आणलं, आणि या बाईने त्यांच्याच डब्यातलं वरण गरम करून माझ्या वाटीत घातलं आणि वर झाकण ठेवलं. तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर. तू माझ्या ओळखीच्या सगळ्यांपेक्षा चांगलं लग्न केलंस, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

आता आपल्या भांडणाचं काय करायचं ते सांग. विमानात मी ते पूर्ण उलटं करून पाहिलं. मला वाटायला लागलं की तूच बरोबर होतास, की एक तास, फक्त एक तास मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. मी तुझ्यासाठी आत गेले असते, पळी ठेवली असती, बाहेर येऊन तुला फोटो पाठवला असता आणि मग रडले असते. तुझा जन्म सार्थकी लागला असता. आणि तू? तू नऊ वर्षांच्या मुलीला मठ्ठा वाढल्याचं ओझं इतकी वर्षं वागवत होतास, आणि मी दर दिवाळीला ते तुझ्या खांद्यावर परत नीट ठेवत होते. तू मुद्दाम हरलास. मुद्दाम! असं कुणी भांडतं का रे? मला जिंकवून निघून गेलास, आणि मला ते जिंकणं नको झालंय.

काल सगळे गेल्यावर, भांडी आवरून झाल्यावर, दिवेलागणीला मी तुझी वाटी मांडली. कुणाला विचारलं नाही. गेलेल्याचं पान आपण बाहेर ठेवतो, कावळ्यासाठी, ते दहाव्यालाच झालं होतं. कावळा लगेच शिवला, सगळे "सुटला" म्हणाले. मला ते पटलं नाही. तू दारातून "येतो" म्हणून गेला नाहीस. म्हणून ही दुसरी वाटी, प्रवाशाची, तुझ्या खुर्चीपाशी. बाजूला आईची पळी. ती मी तिथे सोडली नाही, कारण मी पोचलेच नव्हते. तुलाही आता त्या कमानीतून कुणी आत सोडणार नाही, मेलेल्यांना तिथे मज्जाव असतो, तूच लिहिलंयस. म्हणजे आपण दोघंही पुलाच्या अलीकडेच. निदान सोबत आहोत.

आर्या येऊन उभी राहिली. बघत होती. मग विचारलं, "आत्या, हाऊ लाँग डू वी डू धिस?"

मला तुझा नियम ठाऊक होता. मी म्हटलं, "माणूस परत येईपर्यंत."

तिने वाटी उचलली, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, आवाज झाल्यावर ओढणीने धरून घेऊन आली, आणि वर झाकण नीट बसवलं. "इट हॅज टु बी हॉट, राइट?" म्हणाली आणि तुझ्या समोरच्या खुर्चीत बसली. वहिनी स्वयंपाकघरातून आली आणि तीही बसली.

आज सकाळ झालीय. मी त्याच टेबलाशी बसून हे लिहितेय. वाटी तिथेच आहे. झाकण अजून आमच्यातल्या कुणीही उचललेलं नाही.